मुक्ताबाईला एकच परिच्छेद का?

२०२५ मध्ये अहिल्याबाईंच्या जन्माला ३०० वर्षं झाली आणि आमच्या इंदुरात त्यांच्यावरच्या पुस्तकांचा पूर आला. मराठी, हिंदी, जाडजूड, पातळ, शाळकरी मुलांसाठी, समारंभात भेट द्यायला. घरात जी जी आली ती मी सगळी वाचली. ज्यांचं नाव या शहरात ऊठसूट आपल्या तोंडी असतं, त्या बाईंबद्दल वाचायला मला मनापासून आवडतं. तरी त्यातली बहुतेक पुस्तकं मला आवडली नाहीत. का आवडली नाहीत, आणि मग कोणती आवडतात, हे एकदा सविस्तर लिहायचं होतं. पोस्ट लांबणार आहे, सवडीने वाचा.

या पुस्तकांचा क्रम ठरलेला. चौंडी, मल्हाररावांची पारखी नजर, लग्न, १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात खंडेरावांचा मृत्यू, सती जायला निघालेल्या सुनेला सासऱ्यांनी थांबवणं, मग १७६७ पासूनचा कारभार. आणि मग यादी सुरू होते. काशी, सोमनाथ, गया, घाट, विहिरी, धर्मशाळा, अन्नछत्रं. यादी खरी आहे, अभिमानाचीही आहे. पण पानंच्या पानं वाचून बाई काही दिसत नाहीत. हातात शिवपिंडी घेतलेला पुतळा दिसतो. तोफा आणि दारूगोळ्याच्या कामाबद्दल मल्हाररावांनी याच सुनेला पत्रं लिहिली आहेत. सासरा सुनेला तोफखान्याचं काम सांगतोय, अठराव्या शतकात! त्यावर एखादं प्रकरण रंगवावं असं कुणाला वाटत नाही. दोन ओळी, की लगेच पुढचं मंदिर.

सगळ्यात जास्त त्रास मला मुक्ताबाईच्या जागी होतो. मुलगा मालेराव १७६७ मध्येच गेला होता. राहिली मुलगी मुक्ताबाई, जावई यशवंतराव फणसे आणि नातू. नातू गेला, १७९१ मध्ये जावई गेले आणि मुक्ताबाई सती जायला निघाली. आई म्हणाली, जाऊ नकोस. मुलीने ऐकलं नाही. जिला सासऱ्यांनी चितेपासून परत आणलं, तिला स्वतःच्या मुलीला परत आणता आलं नाही. सबंध मराठी इतिहासात याहून अवघड जागा मला तरी माहीत नाही. आणि पुस्तकांत या जागेला मिळतो एक परिच्छेद. "हे दुःखही त्यांनी धीरोदात्तपणे पचवलं", असं म्हणून लेखक महेश्वरच्या साड्यांकडे वळतो.

कसं पचवलं? कुणी सांगितलं पचवलं म्हणून?

या जागी थांबलेला माणूस मला भेटला तो परका, आणि तोही शत्रुपक्षाचा. जॉन माल्कम. १८१७ मध्ये महिदपूरला होळकरांच्या फौजेविरुद्ध लढलेला इंग्रज सेनापती. पुढे माळव्याचा कारभार त्याच्याकडे आला, तेव्हा त्याने इथल्या जुन्या माणसांना विचारून विचारून मध्य भारताचा वृत्तांत लिहिला, तो १८२३ मध्ये छापला गेला. त्यात आहे: अहिल्याबाई मुलीच्या मागोमाग चितेपर्यंत चालत गेल्या. दोन ब्राह्मणांनी त्यांचे दंड धरून ठेवले होते. ज्वाळा उठल्या तेव्हा त्या सुटायला धडपडल्या आणि सुटता येईना म्हणून स्वतःचेच हात चावले. मग नर्मदेत स्नान झालं, बाई वाड्यात गेल्या आणि तीन दिवस त्यांनी धड अन्न घेतलं नाही, एक शब्द बोलल्या नाहीत.

हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून कितीतरी वेळ बसून राहिले होते. त्या चावलेल्या हातांनी अहिल्याबाई पहिल्यांदा मला आपल्या वाटल्या. माल्कम काही फार मोठा लेखक नव्हे, राज्यकर्त्याची घमेंड त्याच्या पानापानांत आहे. पण त्या जागी तो थांबला. काय झालं तेवढं त्याने सांगितलं आणि गप्प राहिला.

तेव्हापासून माझी पुस्तकाची पारख हीच. दुःखाची जागा आली की लेखक तिथे थांबतो की तिथून पळतो? पळायच्या वाटाही पुष्कळ आहेत. कुणी घाईने पुढच्या प्रसंगात जातो, कुणी भाषण सुरू करतो, कुणी त्या दुःखाला इतकं सजवतो की ते दुःख राहतच नाही.

सजवण्याचं माझ्यापुरतं सगळ्यात ठसठशीत उदाहरण 'स्वामी'. १९६२ ची कादंबरी, साहित्य अकादमीचा पुरस्कार, आमच्या पिढीच्या घराघरांत असलेली प्रत. मला ती आवडत नाही, हे इथल्या मराठी मंडळींत बोलणंसुद्धा कठीण आहे. रणजित देसाईंची भाषा गोड आहे हे कबूल. माधवराव आणि रमाबाई यांच्यातलं अवघडलेलं प्रेम त्यांनी छान लिहिलंय, तेही कबूल. पण थेऊरचा शेवट बघा. १७७२ साल, माधवराव ऐन सत्ताविशीत गेले, रमाबाई सती गेल्या. वाचताना डोळे भरून येतात, माझेही आले होते. आणि नेमकी तिथेच माझी तक्रार आहे. ते पाणी कशाचं आहे? एक तरुण बाई जिवंत जळते आहे आणि आपण तिच्या प्रेमाच्या उंचीला नमस्कार करतो आहोत. थेऊर आणि मुक्ताबाईचं महेश्वर यांच्यात एकोणीस वर्षांचंच अंतर. एकीकडे सगळं मंगल आणि शांत, दुसरीकडे हात चावणारी आई. खरं काय असेल ते मला महेश्वरला कळतं, थेऊरला कळत नाही.

'मृत्युंजय' बद्दल लिहिलं तर आमच्या नणंदबाई रागावतील, पण लिहिते. त्यांचं ते देवघरातलं पुस्तक आहे. कर्णाचा विषय निघाला की आमचं वाजतंच. "वहिनी, तुम्ही कर्णावर अन्याय करून राहिल्या आहात," हे वाक्य मी आजवर किती वेळा ऐकलं असेल! त्यांचं म्हणणं मी कधीही हसण्यावारी नेलेलं नाही. वडील गेल्यावर घराची जबाबदारी अंगावर पडली, त्या वयात त्यांनी ते वाचलं. ज्याला जन्मभर कुणी आपलं म्हटलं नाही, त्याची गोष्ट त्यांना त्या वेळी हवी होती. पुस्तकाने ते काम केलं आणि त्यांना उभं केलं. याचं मोल मी कमी करत नाही.

पण वाचक म्हणून मला ते पटत नाही, आणि कारण साधं आहे. शिवाजी सावंतांनी कादंबरी सहा जणांच्या तोंडून सांगितली आहे: कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण, कृष्ण. फार धाडसाची कल्पना. मग सहाही जण एकाच आवाजात का बोलतात? नाव झाकून कुठलंही पान काढा आणि कोण बोलतंय ते ओळखून दाखवा. आई बोलते तशीच बायको, बायको बोलते तसाच भाऊ. सगळ्यांकडे सूर्य, सगळ्यांकडे उपमा, सगळ्यांना जीवन म्हणजे काय हे सांगायचं आहे. कर्णाचं दुःख केवढं मोठं! जन्मल्या जन्मल्या आईने नदीत सोडलेलं मूल. पण त्या दुःखाला जरा एकटं बसू द्यायला तिथे कुणी तयार नाही. कर्ण स्वतःसुद्धा नाही.

गंमत अशी की त्याच वर्षी, १९६७ मध्ये, त्याच महाभारतावर मराठीत दुसरं एक पुस्तक आलं. इरावती कर्व्यांचं 'युगान्त'. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची जी चिकित्सक आवृत्ती काढली, ती समोर ठेवून लिहिलेलं. इरावतीबाई कुणाचीही बाजू घेत नाहीत. द्यूतसभेत द्रौपदीबद्दल कर्ण जे बोलतो ते मुळात आहे, ते त्या झाकत नाहीत. गांधारीला देवी करत नाहीत. भीष्मालासुद्धा विचारतात की तुम्ही एवढं आयुष्य घालवून नेमकं काय साधलंत. कोरडं वाटेल असं काही जण म्हणतात. मला कुंतीवरचा लेख कधीही कोरडा वाटलेला नाही. कुणाचं मोठेपण सांभाळायचं नाही, म्हणून त्या माणसाच्या थेट जवळ जाऊ शकतात. आमच्याकडच्या प्रतीची शिवण सुटली आहे, पानं हातात येतात, तरी नवी घ्यावीशी वाटत नाही, कारण समासात आईच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत. कुंतीच्या लेखात तिने एका ठिकाणी फक्त "हो" असं लिहिलंय.

'ययाति' बद्दल एवढंच: खांडेकर मोठ्या मनाचे लेखक, पण तिथे प्रत्येक पानावर वहीत उतरवून घेण्यासारखं वाक्य आहे आणि मला वही भरायची नसते.

आता आवडलेल्यांकडे येते.

'कोसला' मी कॉलेजात असताना अर्धं वाचून टाकून दिलं होतं. पुण्याच्या हॉस्टेलातली ती पोरं, त्यांचा तो कंटाळा, मला त्यात काही सापडेना. पुढे लग्नानंतर पुन्हा हातात घेतलं आणि पांडुरंगच्या धाकट्या बहिणीपाशी येऊन पोचले. देवीच्या रोगाने मुलगी जाते. नेमाडे तिथे काय करतात बघा. एकही मोठं वाक्य नाही. राग आहे, बरळणं आहे, बापावर संताप आहे, तिच्या बारीकसारीक गोष्टींची आठवण आहे. घरात लहान मूल गेल्यावर माणूस असाच विचार करतो, तुटक, अर्धवट, कुठून कुठे. १९६३ मध्ये पंचविशीतल्या एका मुलाला हे कसं कळलं असेल? बाकी पुस्तकाबद्दल तुम्ही काहीही म्हणा, त्या पानांसाठी मी नेमाड्यांचं सगळं काही ऐकून घ्यायला तयार आहे.

लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे' बद्दल इतकं लिहिलं गेलंय की मी थोडक्यात सांगते. नवरा १८९५ मध्ये ख्रिस्ती झाला, लक्ष्मीबाई १९०० मध्ये. मधल्या पाच वर्षांत या बाईने काय काय सोसलं! आणि लिहिताना एकदाही वाचकाकडे "बघा हो माझं दुःख" म्हणून पाहिलं नाही. सोवळ्याच्या वेडापायी घरादाराला धुवायला लावणारे वडील, तऱ्हेवाईक, देवमाणूस नवरा, सगळ्यांवर तिने तितकंच प्रेम केलंय. हसता हसता घशात आवंढा येतो. मराठीतलं एकच पुस्तक वाचवायचं म्हणाल तर मी हेच उचलीन.

पण माळव्यात राहणाऱ्या माणसाने सगळं सोडून आधी वाचावं असं पुस्तक म्हणजे विष्णुभट गोडशांचं 'माझा प्रवास'. पेणजवळच्या वरसईचा हा भिक्षुक. डोक्यावर कर्ज. बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार अशी बातमी लागली आणि दक्षिणेच्या आशेने हा काकांबरोबर घरून निघाला. साल १८५७. महूच्या आसपास पोचतो तर बंड उभं. आपलं महू, जिथे आपण सहज संध्याकाळी जाऊन येतो! तिथून पुढे हा माणूस सरळ वणव्यातून चालत गेला, उज्जैन, ग्वाल्हेर, झाशी. झाशीचा वेढा त्याने आतून पाहिला.

मला त्यात काय आवडतं सांगू? त्याला मोठं काही सांगायचंच नाहीये. कुठे किती दक्षिणा मिळाली, कुठे काय जेवलो, कुठल्या गावचं पाणी कसं, हे त्याला आठवतं. आणि त्याच आवाजात तो झाशीची लूट सांगतो. आधी सोनं-रुपं गेलं, मग तांब्यापितळेची भांडी, मग कपडे आणि धान्य. रोजची वेगळी लूट. रस्त्यात पडलेली प्रेतं, त्यांचा वास, घरात लपून बसलेली माणसं, तहान. राणीच्या ग्रंथसंग्रहाची गोऱ्यांनी कशी नासधूस केली तेही सांगतो आणि तिथे या गरीब भिक्षुकाचा जीव किती तळमळला ते न सांगता कळतं. शूर, अमर, तेजस्वी असले शब्द तो राणीवर उधळत नाही, म्हणून त्याची राणी मला खरी वाटते. एवढ्यातून हा माणूस जगून वाचून घरी परत आला, कमाई सगळी लुटली गेलेली, आणि आईवडिलांसाठी गंगेची कावड मात्र शाबूत. चिंतामणराव वैद्यांनी १९०७ मध्ये हे पुस्तक छापलं, पण त्यांनी मजकुरात हात घातला होता. पुढे मूळ हस्तलिखिताबरहुकूम आवृत्ती निघाली. घ्यायची तर ती घ्या.

गोडसे भटजींना एक गोष्ट मात्र दिसली नाही. ज्या वाटेने ते ताठ मानेने चालले, त्या वाटेवर आपली सावलीही पडू नये म्हणून बाजूला सरणारी माणसं त्यांच्या पुस्तकात जवळजवळ नाहीत. त्याच महूच्या छावणीत १८९१ मध्ये बाबासाहेबांचा जन्म झाला. म्हणून मी हल्ली कुणालाही 'माझा प्रवास' दिलं की सोबत दया पवारांचं 'बलुतं' देते. १९७८ चं. एकाच मराठीत लिहिलेली दोन आत्मकथनं, दोन्हींत पोटासाठी वणवण, आणि दोन्ही जगं एकमेकांना अनोळखी. 'बलुतं' मध्ये मला हलवतं ते दगडूचं, म्हणजे खुद्द पवारांचं, स्वतःकडे बघणं. तो स्वतःला सवलत देत नाही. शिकलो, नोकरीला लागलो, मग आपल्याच माणसांची लाज वाटली, हे तो सरळ सांगतो. आमच्या घरांत हे पुस्तक उशिरा शिरलं. काही घरांत अजूनही शिरलेलं नाही, आणि ते शिरायला हवं असं मला कळकळीने वाटतं.

'बनगरवाडी' वर वेगळी पोस्ट लिहायची आहे, म्हणून इथे फक्त इंदूरचा धागा. माडगूळकरांच्या त्या कादंबरीत धनगरांची वाडी मिळून तालीम बांधते आणि तिच्या उद्घाटनाला संस्थानचे राजेसाहेब येतात, तो भाग आठवतो ना? माडगूळ औंध संस्थानातलं. आणि सूर्यनमस्काराचे पुरस्कर्ते म्हणून प्रसिद्ध असलेले औंधचे राजे, भवानराव पंतप्रतिनिधी, हे १९३५ च्या आपल्या इंदूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. मला हे कळलं तेव्हा इतका आनंद झाला की त्या रात्री तो भाग पुन्हा काढून वाचला. आणि मग पुढे शेवटपर्यंत वाचत गेले. पाऊस नाही, मेंढरं मरतात, एकेक घर रिकामं होतं. माडगूळकर दुष्काळावर एक वाक्य टाकत नाहीत. वाडी रिकामी होताना दाखवतात, बस्स.

शेवटी आपल्या घरचं. शरच्चंद्र मुक्तिबोध इंदुरात जन्मले, १९२१ मध्ये. त्यांचे थोरले बंधू गजानन माधव, ज्यांच्यापुढे हिंदीवाले आजही मान तुकवतात. एका घरातले दोन भाऊ, एक हिंदीत गेला, एक मराठीत राहिला. थोरल्यांचं 'चाँद का मुँह टेढ़ा है' १९६४ चं, ज्या वर्षी ते गेले त्याच वर्षीचं, आणि ते छापलेलं बघणं त्यांच्या नशिबी नव्हतं. इथल्या हिंदी मित्रमंडळींना त्यातल्या कविता पाठ असतात. आणि धाकट्याची 'क्षिप्रा' आपल्यातल्या किती जणांनी वाचली आहे? १९५४ ची कादंबरी. माळव्यातली मध्यमवर्गीय मराठी घरं, त्यातली कोंडी, स्वातंत्र्यलढ्याचं वारं लागलेला तरुण. पुण्या-मुंबईची मराठी घरं वाचत वाढलेल्या मला, आपल्या नदीच्या काठची मराठी माणसं कादंबरीत चालता-बोलताना बघून काय वाटलं ते शब्दांत मांडता येत नाही. लेखक मार्क्सवादी, आणि काही ठिकाणी विचार माणसांना खांद्यावर घेऊन चालू लागतो, तिथे मी कंटाळले. पण घरातल्या माणसांच्या गप्प बसण्यात जो ताण आहे, तो मी आमच्या जुन्या घरात अगदी अस्साच पाहिला आहे.

मला वाटत राहतं की मुक्ताबाईवर लिहायला असाच माणूस हवा होता, इथला, या मातीतला, आणि न घाबरणारा. एक अख्खी कादंबरी होईल. तीन दिवसांचीच. वाड्यातल्या दासी, खालच्या घाटावरचे आवाज, कागदपत्रं घेऊन दाराशी खोळंबलेले कारकून आणि आत न बोलणारी बाई. चौथ्या दिवशी ती उठून पुन्हा कचेरीत येते, तर त्या सकाळी तिने आधी कुठला कागद हातात घेतला असेल? इंदुरात, देवासला, उज्जैनला, ग्वाल्हेरला लिहिणारी तरुण मुलं आहेत, मी त्यांचं वाचत असते. त्यांच्यापैकी कुणी तरी हे मनावर घ्या. संदर्भ मिळवायला जी मदत लागेल ती मी करीन, महेश्वरलाही बरोबर येईन.

आणि एक विनंती. 'क्षिप्रा' च्या पुढचे दोन भाग आहेत, 'सरहद्द' आणि 'जन हे वोळतु जेथे'. ते मी खजुरी बाजारात विचारले, ओळखीच्या वाचनालयांत विचारले, हाती लागले नाहीत. रामबाग, लोकमान्य नगर, जेल रोड, कुणाच्याही घरच्या जुन्या कपाटात असतील तर कळवा. घरी येऊन घेऊन जाईन, कव्हर घालून वाचीन आणि महिन्याच्या आत परत आणून देईन.